गृहकैद : शब्द, नियम आणि दिवसांचा हिशेब

प्रस्तुत ग्रंथात ज्या शिक्षाप्रकाराचा उल्लेख वारंवार येतो त्याला मराठीत कोणता शब्द योजावा, हा प्रश्न अनुवादाच्या पहिल्याच पानावर उभा राहिला. न्यायालयाने एखाद्या व्यक्तीस तुरुंगात न धाडता तिच्या राहत्या घरीच अडकवून ठेवावे, घराचा उंबरठा हीच तिची सीमा ठरवावी, आणि तो ओलांडल्यास तुरुंगाचा दरवाजा उघडावा, असा हा प्रकार आहे. वृत्तपत्रे त्याला ‘नजरकैद’ म्हणतात. शब्द जुना आणि गोड आहे. परंतु त्यात भर नजरेवर आहे, घरावर नाही. ‘स्थानबद्धता’ हा शब्द मराठी वाचकाच्या कानांवरून स्वातंत्र्यपूर्व काळापासून गेलेला आहे, तथापि त्याचा अर्थ फार विस्तृत आहे. ‘गृहबंदी’ म्हणावे, तर २०२० सालच्या साथीनंतर त्या शब्दाला टाळेबंदीची छटा चिकटली. शेवटी ‘गृहकैद’ हा शब्द स्वीकारला. तो काहीसा ओबडधोबड असला तरी आत काय आहे ते लपवीत नाही. मूळ ग्रंथातील विवेचन परकीय कायद्याला धरून असल्यामुळे, आपल्याकडे या विषयाची स्थिती काय आहे ते मराठी वाचकासाठी येथे स्वतंत्रपणे मांडणे आवश्यक वाटले.

शब्दांचा हा घोळ केवळ भाषेचा नव्हे. या तीन शब्दांमागे तीन निरनिराळे व्यवहार आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाली म्हणजे कायद्याचीही सरमिसळ होते.

नजरकैदेचे मराठी मनात ठसलेले उदाहरण म्हणजे १६६६ सालचा आग्र्याचा प्रसंग. शिवाजी महाराजांना औरंगजेबाने किल्ल्यातील बंदिखान्यात टाकले नाही. ते ज्या जागी उतरले होते तिथेच फुलादखानाच्या शिपायांचा पहारा बसवला. पेटाऱ्यांची कथा सर्वांना पाठ आहे, म्हणून ती येथे सांगत नाही. मात्र त्या प्रसंगातील एक तपशील सहसा दुर्लक्षित राहतो. मिर्झाराजा जयसिंगाचा मुलगा रामसिंग याने महाराजांबद्दल बादशहाला जामीन लिहून दिला होता, आणि महाराज निसटल्यावर त्याचे परिणाम रामसिंगाला भोगावे लागले; दरबारातले त्याचे स्थान आणि मनसब गेली. पहारेकरी, ठरलेली जागा आणि दुसऱ्याच्या मानेवर ठेवलेली हमी ही आजच्या गृहकैदेची तिन्ही अंगे तेथे हजर आहेत. पुढे १७६८ मध्ये धोडपच्या लढाईनंतर थोरल्या माधवरावांनी रघुनाथरावास शनिवारवाड्यात ठेवले. तेथे वाडा घरचाच होता आणि कैदी घरचाच होता. या दोन्ही ठिकाणी हुकूम राज्यकर्त्याचा होता. न्यायासनाचा त्यात संबंध नव्हता.

स्थानबद्धता याहून वेगळी. विनायक दामोदर सावरकर ६ जानेवारी १९२४ रोजी येरवड्याहून सुटले, ते रत्नागिरी जिल्ह्याबाहेर परवानगीवाचून जाऊ नये आणि राजकारणात भाग घेऊ नये या अटींवर. मुदत पाच वर्षांची होती, पण ती वाढत वाढत १० मे १९३७ पर्यंत गेली. येथे सीमा घराची नसून जिल्ह्याची आहे. माणूस बाजारात जाऊ शकतो, देवळात जाऊ शकतो, सभा भरवू शकतो; मात्र एका रेषेपलीकडे त्याचे जग संपते. मुदतवाढीचा हा गुणधर्म वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण घरात किंवा गावात ठेवलेल्या माणसाची मुदत वाढवताना कोणाला फारसा संकोच वाटत नाही. तुरुंगाची भिंत डोळ्यांना खुपते, घराची भिंत खुपत नाही. पुण्याच्या आगाखान राजवाड्याला लोक आजही राजवाडाच म्हणतात. पण ऑगस्ट १९४२ मध्ये तेथे ठेवलेल्यांपैकी महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा जिवंत बाहेर आले नाहीत.

स्वतंत्र भारतात घरात डांबण्याची सत्ता प्रामुख्याने प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्यांतून आली. १९८० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याच्या पाचव्या कलमानुसार स्थानबद्ध व्यक्तीला कोणत्या जागी व कोणत्या अटींवर ठेवायचे ते सरकार ठरवते. ए. के. रॉय खटल्याच्या निकालात, म्हणजे डिसेंबर १९८१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने अशा व्यक्तीस सामान्यतः तिच्या नेहमीच्या वास्तव्याच्या परिसरातच ठेवावे, असा दंडक घातला. अलीकडचे ठळक उदाहरण डॉ. फारूक अब्दुल्ला यांचे. सप्टेंबर २०१९ मध्ये त्यांच्यावर जम्मू-काश्मीरचा सार्वजनिक सुरक्षा कायदा लावण्यात आला आणि श्रीनगरच्या गुपकार रस्त्यावरील त्यांचे राहते घरच उपकारागृह म्हणून घोषित झाले. मार्च २०२० मध्ये ते मुक्त झाले. प्रशासनाच्या एका अधिसूचनेने घराचा तुरुंग होऊ शकतो ही गोष्ट पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे.

न्यायालयाने दिलेली गृहकैद हा प्रकार मात्र आपल्याकडे अगदी अलीकडचा, आणि तो एका खटल्यातून आकारास आला. २८ ऑगस्ट २०१८ रोजी पुणे पोलिसांनी भीमा-कोरेगाव व एल्गार परिषद प्रकरणी पाच जणांना ताब्यात घेतले : हैदराबादहून कवी वरवरा राव, ठाण्याहून अरुण फरेरा, मुंबईहून व्हर्नन गोन्साल्विस, दिल्लीहून गौतम नवलखा आणि फरिदाबादहून ॲडव्होकेट सुधा भारद्वाज. या सर्वांवरील आरोपांचा निवाडा हा खटल्याचा विषय आहे, प्रस्तुत टिपणाचा नव्हे. इतिहासकार रोमिला थापर व अन्य चौघांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि दुसऱ्याच दिवशी न्यायालयाने आदेश दिला की या पाचही जणांना तूर्त त्यांच्या घरीच ठेवावे. २८ सप्टेंबरला दोन विरुद्ध एक अशा मताने स्वतंत्र तपासाची मागणी फेटाळली गेली, परंतु गृहकैद आणखी चार आठवडे चालू राहिली. १ ऑक्टोबरला दिल्ली उच्च न्यायालयाने नवलखा यांचा प्रवास-ताबा बेकायदा ठरवून त्यांना मोकळे केले. इतरांना ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घरातून उचलून तुरुंगात नेण्यात आले.

सुधा भारद्वाज यांचे नाव येथे, भिलाईत, वाचताना वेगळ्या रीतीने कानी पडते. कानपूरच्या आय. आय. टी.तून बाहेर पडून त्या दल्ली-राजहऱ्याच्या खाणकामगारांत आल्या. शंकर गुहा नियोगी यांच्या छत्तीसगढ मुक्ती मोर्चात काम केले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगींची भिलाईत हत्या झाल्यानंतरही येथील कामगारांच्या लढ्यात राहिल्या. आणि पुढे वकिलीची पदवी घेऊन बिलासपूरच्या उच्च न्यायालयात कामगारांचे दावे लढवू लागल्या. त्यांची गृहकैद मात्र फरिदाबादच्या घरी झाली, कारण अटकेच्या वेळी त्या दिल्लीत अध्यापन करीत होत्या. आयुष्याची तीस वर्षे जिथे गेली ते गाव नव्हे, तर पोलीस आले त्या दिवशी ज्या घरात आपण होतो तेच ‘आपले घर’ अशी गृहकैदेची व्याख्या.

आता हिशेबाकडे वळू, कारण या विषयाचा खरा कस तेथेच लागतो. आपल्या फौजदारी प्रक्रियेचा एक मूलभूत नियम असा की आरोपीला ताब्यात घेतल्यापासून ठरावीक दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर त्याला जामीन मिळण्याचा हक्क उत्पन्न होतो. साध्या गुन्ह्यांत ही मुदत साठ दिवसांची, गंभीर गुन्ह्यांत नव्वद दिवसांची. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली न्यायालय ती १८० दिवसांपर्यंत वाढवू शकते, पण तसे मागून घ्यावे लागते. वकील मंडळी याला ‘डिफॉल्ट जामीन’ म्हणतात. येथे एकेका दिवसाला किंमत आहे. नवलखा १४ एप्रिल २०२० रोजी तपासयंत्रणेस शरण गेले. जून महिन्यात त्यांनी न्यायालयापुढे हिशेब मांडला : २०१८ मधील गृहकैदेचे ३४ दिवस, तपासयंत्रणेच्या कोठडीचे ११ दिवस आणि न्यायालयीन कोठडीचे ४८, मिळून ९३. नव्वद दिवस उलटले, मुदतवाढ मागितलेली नाही, सबब जामीन द्यावा. ३४ वगळले तर उरतात ५९, आणि हक्क उरत नाही. म्हणजे घरात काढलेले ते ३४ दिवस कैदेचे की घरचे, एवढाच प्रश्न होता.

मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये ते दिवस कैदेचे मानले नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १२ मे २०२१ रोजी न्यायमूर्ती उदय लळित व न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांनी जो निकाल दिला तो विलक्षण आहे. नवलखा हरले, त्यांच्या २०१८ च्या गृहकैदेचा आदेश दंड प्रक्रिया संहितेच्या १६७ व्या कलमाखाली दिलेला नव्हता, म्हणून ते दिवस मोजले गेले नाहीत. परंतु त्याच निकालात न्यायालयाने मान्य केले की गृहकैद ही कैदच आहे, आणि यापुढे योग्य प्रकरणी न्यायालये १६७ व्या कलमाखाली तसा आदेश देऊ शकतात. त्यासाठी काय पाहावे हेही सांगितले : आरोपीचे वय, प्रकृती, पूर्वेतिहास, गुन्ह्याचे स्वरूप, दुसऱ्या प्रकारच्या ताब्याची गरज, आणि अटी अमलात आणता येतील की नाही. ज्याने वाट पाडली त्याला त्या वाटेवरून जाता आले नाही. तर्कदृष्ट्या निकाल सुसंगत असेलही. पण चौतीस दिवस घराबाहेर पाऊल न टाकलेल्या माणसाला ते दिवस कैदेचे होते असे सांगून पुन्हा मोजायला नकार देणे, हे साध्या बुद्धीला पटवणे कठीण जाते. इटलीच्या १९८८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने हा गुंता सुरुवातीसच सोडवला आहे. तिच्या २८४ व्या कलमात घरी अटकेत असलेला आरोपी हा ताब्यातच आहे असे मानावे, असे सरळ लिहून ठेवले आहे. वय आणि प्रकृती हे निकष कागदावर आल्यानंतर दोन महिने होण्याच्या आतच, ५ जुलै २०२१ रोजी, याच खटल्यातील चौऱ्याऐंशी वर्षांचे फादर स्टॅन स्वामी मुंबईच्या रुग्णालयात कैदी म्हणूनच मरण पावले.

निकषांचा प्रत्यक्ष उपयोग झाला तो १० नोव्हेंबर २०२२ रोजी, आणि तोही नवलखा यांच्याच बाबतीत. न्यायमूर्ती जोसेफ व न्यायमूर्ती हृषीकेश रॉय यांनी आजारपणाच्या कारणावरून त्यांना तळोजा कारागृहातून घरी हलवण्याची अनुमती दिली, आणि सोबत अटींची लांबलचक यादी जोडली. ही यादी म्हणजे आपल्याकडील गृहकैदेची पहिली नियमावलीच होय, म्हणून ती सविस्तर पाहिली पाहिजे. मोबाइल, लॅपटॉप, संगणक, इंटरनेट काहीही वापरता येणार नाही. दिवसातून एकदा, दहा मिनिटे, पहाऱ्यावरील पोलिसाने दिलेल्या फोनवरून, त्याच्याच समक्ष बोलता येईल. दूरदर्शन पाहता येईल, वृत्तपत्र वाचता येईल. फिरायला जाता येईल, पण पोलिसांसह, आणि वाटेत कोणाशी बोलता येणार नाही. कुटुंबातील दोघांना आठवड्यातून एकदा तीन तास भेटता येईल. प्रवेशद्वारावर व खोल्यांबाहेर कॅमेरे बसतील. पहाऱ्याच्या खर्चापोटी दोन लाख चाळीस हजार रुपये आधी भरावे लागतील. सोबत राहणाऱ्या त्यांच्या सहचारिणीला फोन बाळगता येईल, पण तो इंटरनेटविरहित, आणि पोलीस तो तपासू शकतील.

हे शेवटचे कलम पुन्हा वाचावे. जिच्यावर आरोप नाही, जिला कोणी अटक केलेली नाही, तिचाही फोन नियमावलीत आला आहे. गृहकैदेत घर कैद होते, आणि घरात राहणारे सगळेच थोडेफार कैद होतात. न्यूझीलंडने २००७ साली गृहकैद ही स्वतंत्र शिक्षा म्हणून कायद्यात आणली. तिची मुदत कमीत कमी चौदा दिवस आणि जास्तीत जास्त बारा महिने. आणि शिक्षा देण्यापूर्वी त्या घरातील इतर माणसांना अटी समजावून त्यांची संमती घ्यावी लागते. आपल्याकडे असा प्रश्न विचारण्याची पद्धत नाही.

घर कोठले, हा प्रश्नही लगेच उभा राहिला. नवलखा दिल्लीचे, आदेश मुंबईत राहण्याचा. शेवटी नवी मुंबईत बेलापूर येथे ज्या इमारतीत कॉम्रेड बी. टी. रणदिवे यांच्या नावाचे ग्रंथालय आहे तेथे जागा ठरली. राष्ट्रीय तपास यंत्रणेने हरकत घेतली की ही इमारत कम्युनिस्ट पक्षाशी संबंधित आहे. तो पक्ष देशात मान्यताप्राप्त आहे, या साध्या वस्तुस्थितीकडे न्यायालयाने लक्ष वेधले आणि १८ नोव्हेंबरला हरकत फेटाळली. स्वयंपाकघरातून बाहेर पडण्याची वाट मात्र बंद करण्यास आणि जाळ्यांना कुलूप लावण्यास सांगितले. दुसऱ्या दिवशी नवलखा तेथे राहायला गेले. महिनाभराची म्हणून सुरू झालेली ही व्यवस्था मुदतवाढी घेत मे २०२४ पर्यंत, म्हणजे दीड वर्ष चालली.

आणि मग बिल आले. तपास यंत्रणेने एप्रिल २०२४ मध्ये पहाऱ्याच्या खर्चापोटी एक कोटी चौसष्ट लाख रुपये मागितले. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्येच जामीन दिलेला होता, पण त्यास स्थगिती होती. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली आणि वीस लाख रुपये भरण्यास सांगितले. तुरुंगातील कैद्याचे अन्न, वस्त्र, पहारा सरकारच्या खर्चाने होतो. घरातील कैद्याला स्वतःच्या पहारेकऱ्याचा पगार द्यावा लागतो. २०२१ च्या निकालात न्यायालयाने तुरुंगांतील गर्दीचा उल्लेख करून गृहकैद हा त्यावरचा एक उपाय सुचवला होता. गर्दी खरीच आहे : राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार ४,३६,२६६ जागा असलेल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती, आणि त्यांतील सुमारे शेकडा ७६ जणांचा खटला अजून संपलेला नव्हता. पण या चार लाखांहून अधिक कच्च्या कैद्यांपैकी दोन लाख चाळीस हजार रुपये आगाऊ भरू शकणारे किती निघतील?

पैसे निघाले तरी घर निघेल काय, हेही पाहावे. हे टिपण ज्या सेक्टर ६ मध्ये लिहिले गेले तेथील घरांचाच विचार करू. १९५५ च्या सोव्हिएत करारानंतर पोलाद कारखान्याबरोबर ही वसाहत उभी राहिली. दुर्ग जिल्ह्याची राजधानी तेव्हा नागपूर होती, आणि पुढे कितीतरी मराठी कुटुंबे येथे रुजली. क्वार्टर कारखान्याचे असते. ते नोकरीवर मिळते. गृहकैदेचा आदेश पाळायचा तर पहारेकरी कोठे बसेल? जिन्यात, जो चार बिऱ्हाडांचा आहे. कॅमेरा लावायला परवानगी कोणाची? घरमालकाची, म्हणजे कारखान्याची. आरोपामुळे नोकरी गेली, तर क्वार्टरवरचा हक्क धोक्यात येतो, आणि घर गेले की गृहकैदेची सवलतही गेली. जे लोक क्वार्टरमध्येही नाहीत, वस्तीत आहेत, ज्यांची शौचाची व नळाची सोय घराबाहेर आहे, त्यांच्या बाबतीत ‘उंबरठा ओलांडू नये’ ही अट पहिल्याच सकाळी मोडेल.

पहारेकऱ्याला पर्याय म्हणून परदेशांत पायातले विद्युत्कडे आले. त्याची जन्मकथा मौजेची आहे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्क शहरी जॅक लव्ह नावाच्या न्यायाधीशाने स्पायडरमॅनच्या चित्रकथेत खलनायक नायकाच्या मनगटाला मागोवा घेणारे कडे बांधतो असे पाहिले, आणि एका संगणक-विक्रेत्याकडून तसे यंत्र करवून घेऊन १९८३ मध्ये ते गुन्हेगाराला चढवले. आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ मध्ये जम्मू-काश्मीर पोलिसांनी जामिनावरील आरोपीच्या पायात असे कडे प्रथम घातले. त्याच वर्षीच्या आदर्श कारागृह अधिनियमात रजेवर जाणाऱ्या कैद्यासाठी त्याची तरतूद आली. परंतु ८ जुलै २०२४ रोजी फ्रँक व्हायटस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, जामिनावरील माणसाची प्रत्येक हालचाल पोलिसांना सतत दिसत राहावी अशी अट घालता येणार नाही, असा निर्णय दिला. जो कैदेत आहे त्याच्यावर नजर ठेवावी आणि जो सुटला आहे त्याच्यावर नको, हा भेद मला योग्य वाटतो.

मात्र सुटलेला किती सुटला, तेही पाहिले पाहिजे. सुधा भारद्वाज यांना १ डिसेंबर २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने डिफॉल्ट जामीन दिला. विशेष न्यायालयाने अटी ठरवल्या. त्यांतील मुख्य अट अशी की न्यायालयाच्या परवानगीवाचून मुंबईच्या हद्दीबाहेर जायचे नाही. वरवरा राव यांनाही प्रकृतीच्या कारणावरून जामीन मिळाला तो बृहन्मुंबई न सोडण्याच्या अटीवर. तडीपार माणसाला गावातून घालवतात, स्थानबद्धाला गावात रोखतात. येथे दोन्ही गोष्टी एका आदेशात साधल्या आहेत. हैदराबादच्या कवीला आणि छत्तीसगढच्या वकिलाला परक्या, महागड्या शहरात भाड्याचे घर शोधावे लागले. याला कायद्यात गृहकैद म्हणत नाहीत, जामीन म्हणतात. आणि म्हणून हे दिवस कोणत्याच हिशेबात धरले जात नाहीत.

१ जुलै २०२४ पासून जुन्या दंड प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. १६७ व्या कलमातील मजकूर आता १८७ व्या कलमात आहे. त्यात एक नवी पुस्ती जोडलेली आहे : आरोपीला पोलीस ताब्यात असताना पोलीस ठाण्यात, न्यायालयीन ताब्यात असताना कारागृहात, अथवा केंद्र किंवा राज्य सरकारने कारागृह म्हणून घोषित केलेल्या जागीच ठेवता येईल, अन्यत्र नाही. जुन्या कलमात जागेचा असा उल्लेख नव्हता, आणि नेमक्या त्याच मोकळ्या जागेत २०२१ च्या निकालाने गृहकैद बसवली होती. पुस्तीचा शब्दशः अर्थ घेतला तर न्यायालयाला घर हे कैदेचे स्थान ठरवता येण्यासाठी आधी सरकारने ते घर कारागृह म्हणून घोषित केलेले असले पाहिजे, जसे गुपकार रस्त्यावर झाले. म्हणजे न्यायासनाने उघडलेल्या दाराची किल्ली पुन्हा सचिवालयात गेली. आजारी, वृद्ध कैद्याच्या वकिलाला यापुढे न्यायालयात अर्ज करताना सरकारकडेही दुसरा अर्ज करावा लागेल, आणि तो अर्ज किती दिवसांत निकाली काढावा याविषयी संहितेत मुदत दिलेली नाही.